स्वॅपसाठी फ्लॅश मेमरी : सोय आणि झीज

संगणकाच्या मुख्य मेमरीत, म्हणजेच रॅममध्ये, जागा अपुरी पडू लागली की ऑपरेटिंग सिस्टिम तेथील काही मजकूर तात्पुरता दुसऱ्या साठवणीत हलवते. या राखीव जागेला ‘स्वॅप’ असे म्हणतात. अनेक वर्षे ही जागा हार्ड डिस्कवर राखली जात असे. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी स्वस्त झाल्यापासून ती फ्लॅश मेमरीवर आली. जुन्या संगणकात रॅम वाढविण्यापेक्षा हाताशी असलेला पेन ड्राइव्ह स्वॅपसाठी वापरावा, हा विचार अनेकांच्या मनात येतो. फ्लॅश मेमरी हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी चपळ असल्याने तो चुकीचाही नाही. मात्र प्रत्येक लेखनागणिक फ्लॅश थोडी झिजते, आणि स्वॅप म्हणजे तर अखंड लेखनाचा व्यवहार. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा संगणकशास्त्रातील गेल्या दोन दशकांचा एक महत्त्वाचा प्रश्न ठरला आहे.

स्वॅप म्हणजे काय?

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी अनेक वाचकांना परिचित असतील. यात्रेकरूने गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय त्या घराण्याची वही काढतात आणि आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवितात. उपाध्यायांकडे वह्या पुष्कळ असतात, समोरच्या बैठकीवर मात्र चार-पाचच मावतात. उरलेल्या कपाटात राहतात. नवा यजमान आला की बैठकीवरची एखादी वही कपाटात जाते आणि हवी ती बाहेर येते.

संगणकात बैठकीच्या जागी रॅम असते आणि कपाटाच्या जागी स्वॅप. ऑपरेटिंग सिस्टिम रॅमचे लहान लहान भाग पाडते. त्यांना ‘पेज’, म्हणजे पान, असेच नाव आहे. बहुतेक घरगुती संगणकांत एक पान ४ केबीचे असते. या हिशेबाने ४ जीबी रॅममध्ये सुमारे साडेदहा लाख पाने मावतात. कोणते पान बराच वेळ वापरले गेलेले नाही, याची नोंद प्रणाली ठेवते आणि जागा लागली की अशी पाने बाहेर काढते.

सर्वच पाने लिहून ठेवावी लागत नाहीत, हे येथे लक्षात घ्यायला हवे. एखाद्या प्रोग्रॅमच्या सूचना मुळात डिस्कवरील फाइलमधूनच आलेल्या असतात. त्यांचे पान सरळ टाकून देता येते आणि गरज पडल्यास फाइलमधून पुन्हा वाचता येते. याउलट वापरणाऱ्याने नुकताच लिहिलेला आणि अजून जतन न केलेला मजकूर, उघडलेले चित्र, चालू आकडेमोड यांची दुसरी प्रत कोठेच नसते. असे पान हलवायचे तर ते आधी कोठेतरी लिहिणे भाग असते. स्वॅपची खरी गरज या पानांसाठी आहे.

सिंहस्थाच्या पर्वणीला एकाच वेळी असंख्य यजमान दारात उभे राहिले, तर उपाध्यायांचा सारा वेळ वह्या काढण्या-ठेवण्यातच जाईल आणि वाचन एकाचेही होणार नाही. संगणकाचीही अशी अवस्था होते. तिला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. माऊसचा बाण अडकत चालतो, डिस्कचा दिवा अखंड लुकलुकतो आणि काम मात्र पुढे सरकत नाही.

ड्रमपासून डिस्कपर्यंत

मुख्य मेमरी लहान आणि साठवण मोठी, ही विषमता संगणकाइतकीच जुनी आहे. ब्रिटनमधील मँचेस्टर येथे १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ‘ॲटलस’ या संगणकाने तिच्यावर पहिला व्यवस्थित उपाय योजला. ॲटलसची चुंबकीय मुख्य मेमरी सुमारे १६ हजार शब्दांची होती, तर फिरत्या ड्रमवर सुमारे ९८ हजार शब्द मावत. ५१२ शब्दांचे एक पान, या मापाने मजकूर दोहोंमध्ये आपोआप हलत राही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र ती सर्व एकच सलग मेमरी वाटे. आजची ‘व्हर्च्युअल मेमरी’ याच कल्पनेतून आली आहे.

पुढे ड्रमची जागा हार्ड डिस्कने घेतली. रॅमचा वेग वर्षागणिक वाढत गेला, पण डिस्कमधील फिरती तबकडी आणि सरकता दांडा यांना यंत्राच्या मर्यादा होत्या. रॅममधून मजकूर मिळण्यास साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हार्ड डिस्कवरील एखादी जागा शोधण्यास सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट वेळ जातो. फ्लॅशवर आधारलेल्या एसएसडीला हेच काम करण्यास सुमारे १०० मायक्रोसेकंद पुरतात. रॅमचा वेळ एक सेकंद मानला, तर एसएसडीला जेमतेम १७ मिनिटे आणि हार्ड डिस्कला जवळजवळ २८ तास लागतील. फ्लॅश ही रॅमची बरोबरी करू शकत नाही, पण डिस्कच्या तुलनेत ती शंभरपट चपळ आहे. स्वॅपसाठी तिचा विचार होऊ लागला तो यामुळेच.

फ्लॅशची घडण

फ्लॅश मेमरीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ साली त्यांनी तो जाहीर केला आणि १९८७ मध्ये ‘नँड’ या प्रकाराची मांडणी पुढे आली. आजचे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइलची साठवण आणि एसएसडी यांत हीच नँड फ्लॅश असते. तिच्यातील प्रत्येक सूक्ष्म पेशीत विद्युतरोधक थराच्या आड इलेक्ट्रॉन अडकवून ठेवले जातात. वीज बंद झाली तरी ते जागचे हलत नाहीत. त्यामुळे मजकूर टिकतो.

हे इलेक्ट्रॉन आत ढकलण्यासाठी आणि बाहेर काढण्यासाठी मोठा दाब द्यावा लागतो. प्रत्येक वेळी तो रोधक थर किंचित दुखावतो. काही हजार वेळा हे घडल्यावर पेशीला इलेक्ट्रॉन खात्रीने धरून ठेवता येत नाहीत. एका पेशीत एकच बिट ठेवणारी ‘एसएलसी’ फ्लॅश साधारण एक लाख वेळा पुसता येते. दोन बिटांच्या ‘एमएलसी’साठी ही संख्या सुमारे तीन ते दहा हजारांवर येते. तीन बिटांची ‘टीएलसी’ एक ते तीन हजार आणि चार बिटांची ‘क्यूएलसी’ साधारण एक हजार वेळा पुसली जाऊ शकते. फ्लॅश स्वस्त होत गेली त्याबरोबर तिचे आयुष्यही असे घटत गेले.

दुसरी अडचण पुसण्याच्या पद्धतीत आहे. फ्लॅशवर लिहिताना एक पान लिहिता येते, पण पुसताना पानांचा संपूर्ण गठ्ठाच पुसावा लागतो. हा गठ्ठा शेकडो केबींपासून काही एमबींपर्यंतचा असतो. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिण्याची सोय नसते. नामावळीचेही तसेच आहे. तिथे जुनी नोंद खोडून नवी लिहीत नाहीत. पुढच्या कोऱ्या पानावर लिहितात. वही भरली की कामाच्या नोंदी नव्या वहीत उतरवून घ्याव्या लागतात. फ्लॅशमधील नियंत्रक चिपही नवा मजकूर कोऱ्या पानावर लिहिते, जुने पान रद्द ठरविते आणि सवडीने उपयोगी पाने दुसरीकडे उतरवून गठ्ठा पुसून घेते. या उतरवून घेण्यामुळे प्रणालीने एक पान लिहिले तरी प्रत्यक्ष फ्लॅशवर त्याच्या कितीतरी पट लेखन होते.

चांगला नियंत्रक ही झीज सर्व गठ्ठ्यांवर सारखी वाटतो. त्याला ‘वेअर लेव्हलिंग’ म्हणतात. एसएसडीतील नियंत्रक या कामात तरबेज असतो. स्वस्त पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड मात्र छायाचित्रे, गाणी अशा मोठ्या फाइली सलग लिहिण्यासाठी बनविलेली असतात. स्वॅपची विखुरलेली ४ केबीची पाने त्यांना फार जड जातात.

आयुष्याचा हिशेब

झीज नेमकी किती, याचा अंदाज साध्या आकडेमोडीने बांधता येतो. ४ जीबीचा एक पेन ड्राइव्ह आहे आणि त्याच्या पेशी ३ हजार वेळा पुसता येतात, असे समजू. झीज अगदी सारखी वाटली गेली तर त्यावर एकूण १२ हजार जीबी लिहिता येतील. स्वॅपचे लेखन सेकंदाला सरासरी १ एमबी या गतीने अखंड चालू राहिले, तर हा साठा सुमारे १३९ दिवसांत संपेल. नियंत्रक साधा असून प्रत्यक्ष लेखन दहापट होत असेल, तर तो जेमतेम दोन आठवडे टिकेल.

आता २५० जीबीच्या एसएसडीचा विचार करू. या आकाराच्या घरगुती एसएसडीला साधारण १५० टेराबाइट लेखनाची हमी असते. त्याच गतीने ही मर्यादा गाठण्यास सुमारे पावणेपाच वर्षे लागतील. शिवाय घरगुती संगणक दिवसाचे चोवीस तास स्वॅप करीत नाही. एकच काम पेन ड्राइव्हला काही आठवड्यांत निकामी करू शकते आणि एसएसडीला वर्षानुवर्षे झेपते, ते जागेच्या आणि नियंत्रकाच्या फरकामुळे.

व्हिस्टाचा मधला मार्ग

३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्यांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रेडीबूस्ट’ ही सोय दिली. पेन ड्राइव्ह लावला की संगणकाचा वेग वाढविण्यासाठी तो वापरायचा का, असे व्हिस्टा विचारीत असे. अनेकांनी याचा अर्थ ‘पेन ड्राइव्हची रॅम होते’ असा घेतला. प्रत्यक्षात रेडीबूस्ट हा स्वॅपसुद्धा नव्हता. डिस्कवर असलेल्या मजकुराची जादा प्रत तेवढी पेन ड्राइव्हवर ठेवली जाई. मूळ मजकूर डिस्कवरच राहत असल्याने चालू कामात कोणी पेन ड्राइव्ह उपटून काढला तरी काही बिघडत नसे. ही प्रत सांकेतिक रूपात लिहिली जाई. त्यामुळे पेन ड्राइव्ह हरवला तरी त्यातील मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. ठरावीक वेगापेक्षा संथ पेन ड्राइव्ह व्हिस्टा नाकारीतही असे.

पेन ड्राइव्हवर खरा स्वॅप ठेवला तर हे संरक्षण मिळत नाही. एखाद्या पानाची एकमेव प्रत त्यावर असताना तो निघाला, तर चालू प्रोग्रॅम कोसळतात आणि जतन न केलेले काम हातचे जाते.

खैरातचे हिरवे लॅपटॉप

फ्लॅश आणि स्वॅप यांचा हा पेच महाराष्ट्रातील एका लहान शाळेपर्यंतही पोहोचला होता. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाला केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला होता. तरीही २००७ साली या उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैरात या गावच्या प्राथमिक शाळेत सुरू झाला. वीस-बावीस मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ‘एक्सओ’ लॅपटॉप आले.

मुलांच्या हातून पडला तरी टिकावा, विजेचा खर्च कमी व्हावा आणि किंमत आटोक्यात राहावी, यासाठी या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क ठेवलीच नव्हती. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा होता, रॅम २५६ एमबी होती आणि साठवणीसाठी १ जीबी नँड फ्लॅश होती. ही फ्लॅश मुख्य पाटीवरच बसविलेली होती. ती झिजली तर पेन ड्राइव्हप्रमाणे काढून नवी लावणे शक्य नव्हते. ज्या गावात संगणक दुरुस्त करणारे दुकानही नाही, तिथे फ्लॅशचे आयुष्य म्हणजेच लॅपटॉपचे आयुष्य होते. या लॅपटॉपच्या लिनक्स प्रणालीत स्वॅपची जागा मुळातच राखलेली नव्हती. फ्लॅशवर वापरलेल्या ‘जेएफएफएस-२’ या फाइल पद्धतीत स्वॅप फाइल ठेवण्याची सोयही नव्हती.

याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागली. एकाच वेळी दोन-तीन उपक्रम उघडले की २५६ एमबी रॅम भरून जाई. बदललेली पाने हलविण्यास जागा नसल्याने प्रणाली प्रोग्रॅमच्या सूचनांची पाने टाकून देई आणि लगेच ती फ्लॅशमधून पुन्हा वाचू लागे. फ्लॅशवरील मजकूर दाबून ठेवलेला असल्याने दर वेळी तो उलगडण्याचे काम त्या बेताच्या प्रोसेसरवर पडे. स्वॅप नसले की थ्रॅशिंग होत नाही, हा समज अशा यंत्रांनी खोटा ठरविला. शेवटी जागा उरलीच नाही, तर लिनक्स एखादा चालू प्रोग्रॅमच बंद करून मेमरी मोकळी करते. त्या प्रोग्रॅममध्ये मुलाने काढलेले चित्र असले तर तेही जाण्याची भीती असे.

एक्सओमध्ये एसडी कार्डासाठी खाच होती. जगभरातील काही हौशी वापरकर्त्यांनी कार्डावर स्वॅप ठेवून ही अडचण दूर केली. कार्ड झिजले तर बदलता येई, आतली फ्लॅश मात्र सुरक्षित राही. झिजणाऱ्या वस्तूवर काम टाकायचेच असेल तर ती बदलता येण्याजोगी असावी, हा धडा यातून मिळाला.

दाबून ठेवण्याची युक्ती

याच काळात तिसरा मार्ग आकाराला येत होता. मेमरीतील बहुतेक पानांत पुनरुक्ती पुष्कळ असते. ती दाबून लहान केली तर साधारण निम्म्या जागेत मावतात. मग ती बाहेर लिहिण्याऐवजी रॅममध्येच दाबून ठेवावीत, असा विचार पुढे आला. नितीन गुप्ता यांनी लिनक्ससाठी लिहिलेला ‘कॉम्पकॅश’ हा प्रकल्प याच विचारावर उभा होता. तो पुढे ‘झेडरॅम’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि २०१४ साली लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीत पक्का झाला. त्याआधी २०१३ मध्ये ‘झेडस्वॅप’ ही सोय लिनक्समध्ये आली होती. तिच्यात पाने आधी रॅममध्ये दाबून ठेवली जातात आणि तिथली जागा भरली तरच डिस्ककडे पाठविली जातात.

दाबण्या-उलगडण्यासाठी प्रोसेसरला थोडे श्रम पडतात, पण फ्लॅशवर एक अक्षरही लिहावे लागत नाही. ५१२ एमबी रॅमच्या स्वस्त फोनवरही चालावी म्हणून २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ मध्ये झेडरॅमचा आधार घेण्यात आला. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेडोरा ३३ या लिनक्स आवृत्तीने तर डिस्कवरील स्वॅपऐवजी झेडरॅमच मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारला.

‘८+८ जीबी’चा अर्थ

आता फ्लॅशवरील स्वॅप हा केवळ हौशी वापरकर्त्यांचा विषय राहिलेला नाही. एसएसडी असलेल्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये स्वॅप आपोआप फ्लॅशवरच असतो. २०२१ च्या सुरुवातीस ॲपलच्या एम-१ संगणकांवर एसएसडीचे लेखन अनपेक्षितपणे वाढल्याच्या तक्रारी वापरकर्त्यांनी मांडल्या, तेव्हा या विषयाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. २०२२ मध्ये आयपॅडओएस १६ द्वारे काही आयपॅडनाही फ्लॅशवर स्वॅप करण्याची मुभा मिळाली.

२०२१ च्या सुमारास अनेक कंपन्यांनी मोबाइलमध्ये ‘रॅम वाढविण्याची’ सोय देण्यास सुरुवात केली. जाहिरातीत ‘८+८ जीबी’ असे लिहिलेले असते आणि ग्राहक ते १६ जीबी असे वाचतो. यातील पहिले ८ जीबी खरी रॅम असते. दुसरे ८ जीबी म्हणजे फोनच्या साठवणीतून स्वॅपसाठी काढून ठेवलेली फ्लॅश. मागे पडलेली ॲप काही काळ जिवंत ठेवण्यास तिचा उपयोग होतो. पण ती रॅमपेक्षा शेकडो पटींनी संथ असते, फोटो-व्हिडिओंची तेवढी जागा कमी होते आणि झीज होते ती फोनच्या न बदलता येणाऱ्या फ्लॅशची. कमी रॅमच्या फोनला अशी सोय ८ जीबीच्या फोनइतका वेग देऊ शकत नाही.

गोपनीयतेचा प्रश्न

स्वॅपमध्ये जाणाऱ्या पानांत पासवर्ड, पत्रव्यवहार, बँकेचे तपशील असे काहीही असू शकते. लिनक्समध्ये स्वॅपची जागा बहुधा साध्या, वाचता येईल अशा रूपात असते. त्यातच फ्लॅशवर ‘पुसलेला’ मजकूर लगेच नाहीसा होत नाही. रद्द झालेले पान गठ्ठा पुसला जाईपर्यंत तसेच पडून राहते. म्हणून स्वॅपसाठी वापरलेला पेन ड्राइव्ह किंवा कार्ड दुसऱ्याला देऊ नये आणि शक्य असेल तिथे स्वॅप सांकेतिक रूपातच लिहिला जाईल अशी व्यवस्था करावी.

व्यवहारात काय करावे?

संगणकात एसएसडी असेल, तर स्वॅपच्या भीतीने ती सोय बंद करण्याचे कारण नाही. थोडा स्वॅप असलेला संगणक अचानक प्रोग्रॅम बंद पाडण्याऐवजी संथ होऊन धोक्याची सूचना देतो. लिनक्समध्ये ‘स्वॅपिनेस’ या मूल्याने स्वॅपकडे किती लवकर वळायचे हे ठरते. त्याचे मूळ मूल्य ६० असते. फ्लॅशवर लेखन कमी व्हावे असे वाटत असेल तर ते खाली आणता येते.

फक्त हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम असलेल्या जुन्या संगणकात आधी झेडरॅम किंवा झेडस्वॅप सुरू करावा. त्याला खर्च शून्य येतो. मात्र संगणक ‘हायबरनेट’ करायचा असेल तर डिस्कवर खरा स्वॅप लागतोच, कारण वीज गेली की झेडरॅममधील मजकूरही जातो. पेन ड्राइव्हवरील स्वॅप हा अखेरचा, तात्पुरता उपाय समजावा. त्या पेन ड्राइव्हवर दुसरे काहीही महत्त्वाचे ठेवू नये आणि स्वॅप बंद केल्याशिवाय तो काढू नये. रास्पबेरी पायसारख्या कार्डावर चालणाऱ्या संगणकांत तर अधिकच काळजी हवी, कारण तिथे कार्ड झिजले की स्वॅपबरोबर संपूर्ण प्रणालीच जाते.

संगणक रोजच्या कामात वारंवार स्वॅपकडे वळत असेल, तर त्याचे निदान एकच आहे, ते म्हणजे रॅम कमी पडते आहे. शक्य असेल तिथे रॅम वाढविणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय होय. नव्या लॅपटॉप-मोबाइलमध्ये रॅम आणि फ्लॅश दोन्ही बहुधा पाटीवर पक्क्या बसविलेल्या असतात आणि नंतर बदलता येत नाहीत. त्यामुळे हा हिशेब खरेदीच्या वेळीच मांडलेला बरा. फ्लॅशवरील स्वॅप अडीअडचणीला नक्कीच धावून येतो. मात्र त्याच्यावर रोजचा संसार चालवायचा, तर त्याची किंमत साठवणीच्या आयुष्यातून वळती होत राहते.